नैराश्यावरील उपचारांचे आठ महिने: एका रुग्णाचा अनुभव

गेले आठ महिने मी नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार घेत आहे. औषधाबद्दल थोडक्यात सांगायचे तर एस्सिटॅलोप्रामने पहिले दहा दिवस मळमळले आणि साधारण पाचव्या आठवड्यापासून पहाटे चारला दचकून जाग येणे थांबले. त्या दवाखान्याची पायरी चढायला मला दीड वर्ष का लागले, हे मात्र सविस्तर लिहायला हवे.

त्या दीड वर्षात मी डॉक्टरांकडे गेलोच नाही असे नव्हे. पित्त, पाठदुखी, झोप नाही, अशा तक्रारी घेऊन मी वीस वर्षांच्या ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांकडे चार-पाचदा जाऊन आलो. ‘कशातच मन लागत नाही’ हे वाक्य जिन्यात घोकायचो आणि आत गेल्यावर पित्ताचेच बोलायचो. एकदा धीर करून म्हणालो, तेव्हा रक्तदाबाचा पट्टा गुंडाळता गुंडाळता ते हसले, “अहो, दोन मुलींचे बाप तुम्ही, असं खचून कसं चालेल? चार दिवस गावी जाऊन या.” माणूस वाईट नाही, वडिलांच्या शेवटच्या आजारात ते रात्री दोन वाजता घरी आले होते. कदाचित म्हणूनच त्यांच्यापुढे तो विषय पुन्हा काढणे मला जमले नाही.

मानसोपचाराच्या दवाखान्यातल्या बाकावर पुरुष बहुधा कोणाला तरी घेऊन आलेले दिसतात, आणि पहिल्या दिवशी मीही तसाच चेहरा करून बसलो होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत आत्महत्या केलेल्या १,७०,९२४ जणांपैकी १,२२,७२४ पुरुष आहेत, हे मला पुढे कळले.

डॉक्टर बाईंनी थायरॉइड आणि बी-१२ च्या तपासण्या लिहून दिल्या आणि पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरायला दिली. २७ पैकी १९ गुण आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथे मी ‘अजिबात नाही’वर खूण केली होती. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, “इथे तुम्ही बराच वेळ थांबलात.” पुढचे काही क्षण त्या काहीच बोलल्या नाहीत. मग मी बोललो. निघताना त्यांनी चिठ्ठीवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक लिहून दिला. कंपनीत कळेल ही भीती मी बोलून दाखवली, तेव्हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हेही समजावले.

तिसऱ्या महिन्यात मी गोळ्या परस्पर बंद केल्या. कारण लैंगिक होते आणि ते एका स्त्रीला सांगणे मला अशक्य वाटत होते. चक्कर येते एवढेच मी सांगितले. “या गोळीने काहींची इच्छा मंदावते, तुमचं तसं झालंय का?” हे त्यांनी रक्तदाब विचारावा इतक्या सहजपणे विचारले, रागावल्या नाहीत आणि औषध बदलून दिले. मी उपचारांत टिकलो तो त्या प्रश्नामुळे.

तक्रारी आहेतच. बाहेरची मुलगी पूर्ण नाव मोठ्याने पुकारते, आणि आताशा भेट दहा मिनिटांत आटोपते, फी मात्र तीच.

गेल्या महिन्यात जुन्या डॉक्टरांकडे गेलो आणि चालू औषधांत या गोळीचेही नाव सांगितले. त्यांनी ते कार्डावर लिहून घेतले, चष्मा काढला आणि विचारले, “झोप लागते का आता?”