तीन संस्था, एक वर्ग आणि हरवलेली चिठ्ठी : ज्येष्ठांच्या आरोग्य उपक्रमाचा सहा महिन्यांचा अनुभव

सार्वजनिक ग्रंथालयाची जागा, आरोग्य केंद्रातील फिजिओथेरपिस्ट आणि स्वयंसेवक मंडळाची माणसे अशा तिघांच्या भागीदारीतून साठीपुढच्या नागरिकांसाठी चाललेल्या एका उपक्रमाला माझी आई गेले सहा महिने जाते आहे. तिचे वय ७४. वर्षभरात ती दोनदा घरातच पडली आणि तिने जिना उतरणे जवळजवळ सोडून दिले. हाड मोडले नाही म्हणून आम्हीही त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पडण्याची धास्ती बसली की हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की पायांतले बळ जाते आणि बळ गेले की पुन्हा पडण्याचा धोका वाढतो, हे फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितले तेव्हा मला थोडी लाजच वाटली. संस्थांची नावे मी मुद्दाम देत नाही.

पहिल्या दिवशीची तपासणी हा या उपक्रमातला सर्वांत उत्तम भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्या केली, तेव्हा रोग नसणे ही अट ठेवली नव्हती. माणसाला जे मोलाचे वाटते ते करता येण्याची क्षमता टिकवणे यावर तिचा भर होता. इथे त्या व्याख्येचा प्रत्यय पहिल्याच प्रश्नात आला. औषधांची यादी मागण्याआधी बाईंनी आईला विचारले, “तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवे आहे?” आई म्हणाली, “मैत्रिणीकडे एकटीने जाता यायला हवे. ती दुसऱ्या मजल्यावर राहते.” ते वाक्य बाईंनी तिच्या कागदावर जसेच्या तसे लिहून घेतले. मग तीन शब्द सांगून थोड्या वेळाने ते आठवतात का असे विचारले, गेल्या तीन महिन्यांत वजन तीन किलोहून अधिक उतरले का याची चौकशी केली, आणि मागे उभे राहून काही शब्द कुजबुजले, त्यांतला एकही आईला ऐकू आला नाही. शेवटी हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठण्याची चाचणी झाली. ती १४ सेकंदांत जमायला हवी. आईला २२ सेकंद लागले आणि पाचव्या खेपेला तिचा हात नकळत खुर्चीच्या दांड्यावर गेला.

वर्ग आठवड्यातून दोनदा, तासाभराचा असतो. एका पावलापुढे दुसरे पाऊल टाचेला अंगठा लावून ठेवणे, खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर उभे राहणे, मग तोच आधार दोन बोटांचा करणे, मग एका बोटाचा आणि अखेरीस सोडूनच देणे, असा व्यायामाचा चढता क्रम आहे आणि तो प्रत्येकाच्या ताकदीप्रमाणे बदलला जातो. मात्र जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे ६५ वर्षांपुढच्यांसाठी तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सुचवतात. तिसरा दिवस इथे घरी करायच्या व्यायामाच्या कागदावर सोपवलेला आहे, आणि तो कागद इतक्या बारीक अक्षरांत छापला आहे की तो मलाच चष्म्याशिवाय वाचता येत नाही. जागेची निवड मात्र अचूक आहे. दवाखान्यात जाताना आई रुग्ण असते, ग्रंथालयात जाताना वाचक. वर्ग संपल्यावर पुस्तक बदलून येण्याच्या निमित्ताने ती आणखी अर्धा तास तिथे रमते, आणि माझ्या मते तो अर्धा तासही उपचारातच धरायला हवा.

आता तक्रार. ऐकण्याच्या तपासणीसाठी आईला एक चिठ्ठी देण्यात आली. ती घेऊन आम्ही श्रवण विभागात गेलो, तेव्हा अशा कोणत्याही व्यवस्थेची आपल्याला कल्पना नाही असे तिथल्या खिडकीवर सांगण्यात आले. चिठ्ठी ठेवून घेतली गेली, आणि दुसऱ्या हेलपाट्यात ती सापडेना. तीन संस्थांपैकी प्रत्येकीने आपापले काम नेटके केले होते, फक्त एकीकडून दुसरीकडे माणूस पोहोचला का हे पाहणे कोणाच्याच वाट्याला आलेले नव्हते. दरम्यान वर्गात मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आईला सूचना नीट ऐकू येत नव्हत्या, सगळ्यांचा उजवा पाय उचलला जाई तेव्हा तिचा डावा उचलला जाई, आणि कोणी हसले नाही तरी तिला अवघडल्यासारखे होऊ लागले. ती घरी काही बोलली नाही. गुडघा दुखतो म्हणाली आणि जायची थांबली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्याजोग्या १४ कारणांत श्रवणदोषही आहे आणि सामाजिक एकाकीपणाही. आमच्या घरात पहिले कारण दुसऱ्याकडे कसे ढकलत नेते, ते डोळ्यांदेखत दिसले.

याच उपक्रमाने तिला परतही आणले, हेही नोंदवायला हवे. सलग दोन वर्ग चुकल्यावर स्वयंसेवक मंडळातल्या एका ताईंचा फोन आला. त्यांनी गुडघ्याची चौकशी केली आणि मग सहज विचारले, “काकू, मागे उभ्या राहता तेव्हा आवाज येतो ना?” दुसऱ्या दिवशी समन्वयकांनी मला बोलावून घेतले. सभागृहाच्या वेळा, किल्ल्या, खुर्च्यांची संख्या असे सर्व काही तिन्ही संस्थांच्या करारात लिहिलेले होते, पण चिठ्ठी दिल्यानंतर पाठपुरावा कोणी करायचा याची एक ओळही त्यात नव्हती, हे त्यांनी स्वतःहून मान्य केले. त्यानंतर एक नोंदवही सुरू झाली : चिठ्ठी कोणाला, कोठे, कोणत्या तारखेला दिली आणि पुढे काय झाले. आईची तपासणी अखेर सातव्या आठवड्यात झाली. आता ती पहिल्या रांगेत उभी राहते आणि श्रवणयंत्राबद्दल कुरकुर करते.

ने-आणीची सोय नाही, त्यामुळे ज्यांना या वर्गाची सर्वाधिक गरज आहे तेच घरी राहतात. पुरुष मोजून तीन. समन्वयकांचे मानधन एका वर्षाच्या निधीतून येते आणि ती नोंदवही त्यांच्याच टेबलावर असते. त्या गेल्या तर ती कोण भरणार, या प्रश्नाला मला तिन्ही ठिकाणी वेगवेगळी उत्तरे मिळाली. आपल्या घरच्यांसाठी असा उपक्रम निवडणाऱ्यांनी व्यायामाचे वेळापत्रक विचारण्याआधी हाच प्रश्न विचारावा. एवढे असूनही मी पाचपैकी चार गुण देईन.

गेल्या महिन्यात पाच वेळा उठायला आईला १३ सेकंद लागले. मैत्रिणीचा जिना ती मधल्या वळणावर थांबून, कठड्याला धरून, पण एकटीने चढली. पुढच्या सत्रासाठी तिने नाव नोंदवले आहे. या वेळी डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली आहे, आणि तिची एक छायाप्रत मी स्वतःजवळ ठेवली आहे.