बर्फातल्या मासेमारीचं यंत्र राजाराम बंधाऱ्यावर: सात महिन्यांचा अनुभव

दिवाळीत 11 हजार रुपये घालून सोनारचा, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारा गोळा घेतला. आकार क्रिकेटच्या चेंडूएवढा, पाण्यावर तरंगतो आणि खालचं चित्र वाय-फायने मोबाईलवर पाठवतो. पहिल्याच दिवशी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर अण्णा म्हणाले, “आरं, आता मासं मोबाईलवर बघायचं व्हय? मग बाजारातनं फोटोच आण की!” बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे खांबांमधून पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातल्यापासून निघेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते मे, जवळजवळ दर रविवारी वापरला. आता लिहायला हरकत नाही.

अॅपमध्ये ‘बर्फातली मासेमारी’ असा एक मोड आहे. तो बघून घरात सगळे हसले. कोल्हापुरात बर्फ म्हटलं की गोळेवाला. पण गंमत अशी की सगळ्यात जास्त वापरला तो हाच मोड.

थंड देशांत तळं वरून गोठतं, कारण 4 अंशांचं पाणी सर्वांत जड असतं, ते खाली बसतं आणि बर्फ हलका म्हणून वर राहतो. तिथली माणसं बर्फाला भोक पाडतात, सोनार त्यात ठेवतात आणि गळ नेमका त्याच्याखाली सरळ सोडतात. बंधाऱ्यावर उभं राहून दोन खांबांमधून गळ सोडताना आपण तेच करतो की! किनाऱ्यावरून गोळा फेकून ओढला तर मासा कमानीसारखा दिसतो, कारण सोनार त्याच्यावरून पुढे सरकतो. गोळा एका जागी असला तर कमान बनत नाही. मासा थांबला की आडवी रेघ लांबत जाते, वर आला की रेघ वर चढते. शिवाय आपला गळसुद्धा बारीक रेघ म्हणून दिसतो. जानेवारीत एक जाड रेघ तळातून उठून गळाच्या रेघेपर्यंत आली, थबकली आणि परत खाली गेली. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी कणकेचा गोळा वीतभर वर घेतला आणि रोहू लागला. तेव्हापासून अण्णा माझ्या शेजारीच बसतात. मोबाईल बघायला नाही म्हणे, सावलीला.

बीम, म्हणजे सोनारच्या आवाजाचा झोत, मात्र अरुंद ठेवा. 4 मीटर पाण्यात 15 अंशांचा बीम तळाशी साधारण 1 मीटर जागा बघतो, 45 अंशांचा सव्वातीन मीटर. दोन खांबांतलं अंतर जेमतेम 2 मीटर, त्यामुळे रुंद बीमवर दगडी खांबच पडद्यावर येतात. पहिले दोन रविवार मी खांबांनाच मासे समजत होतो.

माशाचं चित्र दाखवणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करा. केंदाळाची मुळं, बुडालेली पिशवी, गाळातून सुटणारे बुडबुडे, त्याला सगळेच मासे. बुडबुड्यांची रेघ तिरकी वर जाते आणि परत येत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की चूक होत नाही. सोनारला मुख्यतः माशाच्या पोटातली हवेची पिशवी जाणवते. तळाला चिकटून पडलेली वाम तळाच्या प्रतिध्वनीतच मिसळते, तिच्यासाठी हे यंत्र कुचकामी.

तळ वाचणं हा खरा फायदा, आणि त्यासाठी काठावरून गोळा फेकून सावकाश ओढावा लागतो. कठीण तळाची पट्टी जाड येते, कधी खाली दुसरा प्रतिध्वनीही उमटतो. गाळ आवाज पिऊन टाकतो, पट्टी फिकट पडते. वीस वर्षं ज्या जागेला आम्ही ‘डोह’ म्हणायचो तिथे सव्वा मीटर पाणी निघालं, बाकी गाळ. खरा खड्डा तिथून पंधरा पावलांवर होता.

आता रडगाणं. गोळा पाणी लागताच आपोआप चालू होतो. एकदा तसाच ओला पिशवीत टाकला, तो आत चालूच राहिला आणि पुढच्या रविवारी बॅटरी शून्य. फडक्याने पुसूनच ठेवायचा. वजन शंभर ग्रॅमच्या घरात, साध्या गळकाठीने फेकाल तर काठी मोडेल. वाय-फाय पाण्यातून जात नाही, त्यामुळे दोरी ताणून गोळा बुडाला की संपर्क तुटतो. एप्रिलच्या उन्हात पडदा दिसत नाही, मोबाईल तापून बंद पडतो. मी छत्री नेतो आणि त्यावरून बोलणीही खातो. विक्रेत्याला चार्जिंगची वायर बदलून मागितली, तर दीड महिना नुसती ‘उद्या येईल’ची उत्तरं. शेवटी बाहेरून घेतली.

मासे वाढले का? थोडे. दिसलेला मासा खाईलच असं नाही. मार्चमध्ये एका सकाळी खाली रेघांची जत्रा होती आणि पिशवीत एक चिलापी. ज्याला रविवारी फक्त कालवणापुरतं हवं, त्याने बाजार गाठून 11 हजारांचे ताजे मासेच घ्यावेत. ज्याला पाण्याखाली काय चाललंय याचा नाद आहे, त्याने घ्यावा.

बरगे निघालेत. गोळा अर्धा चार्ज करून कपाटात ठेवलाय, पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवली तर लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. अण्णांनी आधीच सांगून ठेवलंय, ऑक्टोबरात पहिला फेरा त्यांच्या जागेवर.