ऑडॅसिटी: क्लासिक आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचा रेडिओ कार्यक्रम जोडणाऱ्यांसाठी

रेडिओसाठी संगीताचा कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित करून पाठवायचा असेल, तर त्याच्या जोडणीसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे त्या कार्यक्रमात कोणते संगीत आहे यावर बरेच ठरते. तीन-साडेतीन मिनिटांची आणि पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने वाजणारी गाणी एकामागून एक लावायची असतील, तर जवळजवळ कोणतेही साधन पुरते. क्लासिक रॉकचे, आणि त्याहूनही प्रोग्रेसिव्ह रॉकचे, तसे नाही. जेनेसिसची १९७२ सालची ‘सपर्स रेडी’ सुमारे २३ मिनिटे चालते, त्याच वर्षीची येसची ‘क्लोज टू द एज’ १८ मिनिटांच्या पुढे जाते, आणि जेथ्रो टलने तर त्याच वर्षी अख्खी एलपी एकाच रचनेला दिली. या रचना कुजबुजीतून सुरू होतात, मध्येच गडगडतात, पुन्हा ओसरतात. आणि त्यांच्या शेजारी लेड झेपेलिनचे एखादे चार मिनिटांचे दणदणीत गाणे ठेवायचे असते. अशा संगीताला हातात घेणाऱ्या साधनाने त्यातील हळुवार जागांना धक्का लावता कामा नये, ही माझी पहिली अट आहे. इंटरनेटवरील एका लहान, स्वयंसेवकांनी चालवलेल्या रेडिओसाठी मी मराठी निवेदनासह दोन तासांचा असा कार्यक्रम तयार करतो आणि त्याची सगळी जोडणी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. पुढील परीक्षण त्या एकाच कामापुरते आहे.

ऑडॅसिटी विनामूल्य आणि मुक्तस्रोत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये तिची सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी ती सर्वांसाठी खुली झाली. २०२१ मध्ये ती म्यूझ ग्रुपकडे गेली. त्या वेळी गोपनीयता धोरणाच्या मसुद्यावरून वापरकर्त्यांनी बरीच नाराजी व्यक्त केली होती आणि कंपनीला तो मसुदा बदलावा लागला. त्यानंतरच्या आवृत्त्यांत कामाच्या सोयी झपाट्याने वाढल्या आहेत, हेही तितकेच खरे आहे. इफेक्ट, म्हणजे ध्वनीवर करायची एखादी प्रक्रिया, लावला की मूळ ध्वनी कायमचा बदलतो, ही पूर्वीची मोठी अडचण ३.२ आवृत्तीपासून बरीच कमी झाली, कारण आता अनेक इफेक्ट ट्रॅकवर ठेवून ऐकता ऐकता बदलता येतात.

गाण्याच्या दोन टोकांपासून सुरुवात करू, कारण रॉकच्या कार्यक्रमाची खरी परीक्षा तेथेच होते. येसच्या ‘राउंडअबाउट’ची सुरुवात उलट्या वाजवलेल्या पियानोच्या एका स्वरगुच्छाने होते. तो शून्यातून फुगत येतो आणि त्याच्या टोकावर स्टीव्ह हाऊच्या अकूस्टिक गिटारचा स्वर उमटतो. पिंक फ्लॉइडची १९७३ सालची सुप्रसिद्ध ध्वनिमुद्रिका जेमतेम ऐकू येणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांनी उघडते. ऑडॅसिटीमध्ये लांबलेली शांतता आपोआप आखडून घेणारा एक इफेक्ट आहे आणि भाषणांसाठी तो उपयुक्तही आहे. पण त्याच्या मूळ मांडणीत उणे २० डेसिबलच्या खालचे सर्व काही शांतता म्हणून धरले जाते. हे दोन्ही आरंभ त्या रेषेच्या कितीतरी खाली आहेत. संगीताच्या ट्रॅकवर हा इफेक्ट कधीही चालवू नये. त्याऐवजी ध्वनीची आकृती मोठी करून, डोळ्यांनी आणि कानांनी दोन्ही तपासून, क्लिपची कड हाताने ओढावी. ३.१ आवृत्तीपासून क्लिपची कड आत ओढली तरी आतला ध्वनी पुसला जात नाही आणि हवा तेव्हा परत उलगडता येतो. या एका सोयीसाठीच मी जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना नवी घ्यायला सांगेन.

ज्या गाण्यांना जोडीनेच वाजवण्याची रीत आहे, त्यांच्या बाबतीत गाणी कुठून घेतली याला महत्त्व येते. लेड झेपेलिनच्या दुसऱ्या एलपीवर ‘हार्टब्रेकर’ ज्या क्षणी तुटते त्याच क्षणी पुढचे गाणे सुरू होते, आणि क्वीनची १९७७ सालची दोन गाणी तर श्रोत्यांच्या मनात एकच झाली आहेत. ‘विश यू वेअर हिअर’ या पिंक फ्लॉइडच्या १९७५ सालच्या एलपीवरील जोड तर रेडिओवाल्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे: ‘हॅव अ सिगार’च्या शेवटी सगळा वाद्यमेळ अचानक लहानशा रेडिओतून यावा तसा आक्रसतो, मग स्टेशने फिरवल्याचा आवाज येतो, आणि त्यातूनच पुढच्या गाण्याची गिटार उमटते. अशा जोड्यांच्या एमपीथ्री फाइल शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्या संकेतनात सुरुवातीला आणि शेवटी भरली जाणारी बारीकशी शांतता सांध्यावर ठेच लागल्यासारखी जाणवते. म्हणून गाणी सीडीवरून फ्लॅक किंवा वेव्ह या दर्जा न गमावणाऱ्या स्वरूपात घ्यावीत. सीडीवरून गाणी थेट उतरवण्याची सोय ऑडॅसिटीत नाही, त्यासाठी वेगळे साधन लागते, आणि ही उणीव नव्या माणसाला पहिल्याच दिवशी अडवते. एकदा फाइल आत आल्या की मात्र सांधा जसाच्या तसा जुळतो.

आता आवाजाच्या पातळीविषयी. येथे मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बहुतेक हौशी कार्यक्रम येथेच बिघडतात. १९७० च्या दशकातील ध्वनिमुद्रणांत हळू आणि मोठ्या आवाजात भरपूर अंतर असते. १९९० नंतर निघालेल्या अनेक रीमास्टर सीडींमध्ये ते अंतर दाबून सगळेच मोठे केलेले असते. रशचा २००२ सालचा ‘व्हेपर ट्रेल्स’ या अतिरेकाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे आणि बँडला २०१३ मध्ये त्याचे नवे मिश्रण काढावे लागले. दोन्ही प्रकारची गाणी एकाच कार्यक्रमात आली की श्रोत्याचा हात सतत आवाजाच्या बटणावर जातो. ऑडॅसिटीतील लाउडनेस नॉर्मलायझेशन हा इफेक्ट आवाजाच्या क्षणिक शिखरांऐवजी कानाला जाणवणारी सरासरी मोजतो. त्याची मूळ मांडणी उणे २३ एलयूएफएस (ही सरासरी मोजण्याचे एकक), म्हणजे युरोपातील प्रसारणाच्या मानकाइतकी, आहे. मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी ती जरा दबकी वाटते, म्हणून मी उणे १८ ठेवतो. त्याहून वर नेले, तर जुन्या ध्वनिमुद्रणांची शिखरे मर्यादेबाहेर जातात. ऑडॅसिटी आतून ३२ बिट फ्लोट या मोठ्या आवाक्याच्या अंकी स्वरूपात काम करत असल्याने ती शिखरे प्रकल्पात शाबूत राहतात, पण बाहेर काढताना छाटली जातात, आणि हा इफेक्ट त्याबद्दल काहीही करत नाही. ३.६ आवृत्तीत आलेला, आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा नवा लिमिटर सर्व ट्रॅकच्या एकत्रित मार्गावर ठेवता येतो. तो केवळ चुकार शिखरांसाठी, उणे १ डेसिबलवर ठेवावा आणि त्याच्याकडून आवाज वाढवून घेऊ नये.

एवढ्यानेही काम संपत नाही. वीस मिनिटांच्या रचनेची सरासरी आणि चार मिनिटांच्या गाण्याची सरासरी सारखी केली, तर लांब रचनेचा कळस शेजारच्या गाण्याहून बराच मोठा येतो आणि तिचा आरंभ त्या गाण्यापाठोपाठ ऐकूच येत नाही. किंग क्रिमसनची १९७४ सालची ‘स्टारलेस’ घ्या: मेलोट्रॉन या कळफलकवाद्याच्या संथ सुरावटीने सुरू होणारी ही बारा मिनिटांची रचना शेवटी कुठे पोहोचते हे तिच्या सरासरीवरून कधीच कळणार नाही. माझा अनुभव असा आहे की यंत्राने काढलेली सरासरी हा फक्त आरंभबिंदू मानावा आणि प्रत्येक सांध्यावर आधीच्या गाण्याचा शेवटचा मिनिट व नंतरच्या गाण्याचा पहिला मिनिट सलग ऐकून अख्ख्या गाण्याची पातळी एक-दोन डेसिबलने खाली-वर करावी. रचनेच्या आत मात्र हात घालू नये. आवाज जागोजागी कमी-जास्त करणाऱ्या एन्व्हलप साधनाने हळुवार भाग उचलून घेण्याचा मोह होतो, पण तसे केले तर संगीतकारांनी बांधलेली चढण सपाट होते. शक्य असेल तेथे स्टीव्हन विल्सनने किंग क्रिमसन, जेथ्रो टल आणि येस यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची केलेली नवी मिश्रणे घ्यावीत, असे माझे मत आहे, कारण त्यांत ही चढण सांभाळलेली आहे.

निवेदनासाठी ऑटो डक नावाचा इफेक्ट आहे. संगीताचा ट्रॅक निवडायचा, निवेदनाचा ट्रॅक त्याच्या लगेच खाली ठेवायचा, की बोलणे सुरू होताच संगीत आपोआप १२ डेसिबलने खाली जाते. मूळ मांडणीत एका सेकंदाहून मोठा विराम आला की संगीत पुन्हा वर उसळते, आणि ज्याला सावकाश, वाक्यावाक्याला थांबून बोलायची सवय आहे त्याच्या निवेदनात ही वरखाली फार खटकते. विरामाची मर्यादा तीन सेकंदांवर नेली की हा दोष जातो. याच संदर्भात विश्लेषणाच्या यादीतील कॉन्ट्रास्ट हे साधन फारसे कोणी वापरताना दिसत नाही, पण ते मोलाचे आहे. बोलण्याचा भाग आणि मागच्या संगीताचा भाग निवडून दिला, की दोहोंच्या पातळीतील फरक ते आकड्यात सांगते. ऐकण्यात अडचण असलेल्यांसाठी आखलेल्या वेबच्या निकषानुसार हा फरक किमान २० डेसिबल असावा. वयस्क श्रोत्यांना माझे शब्द नीट कळावेत असे मला मनापासून वाटते, म्हणून मी तो पाळतो.

कोणत्या संगीतावर बोलावे हे मात्र कोणतेही सॉफ्टवेअर सांगणार नाही. व्यावसायिक केंद्रांवर गायकाचा पहिला शब्द येईपर्यंत बोलत राहण्याची पद्धत आहे. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये तो शब्द आठ मिनिटांनंतर येतो आणि त्या आठ मिनिटांतच ती रचना काय आहे ते कळते. जेनेसिसच्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’च्या आरंभीच्या टोनी बँक्सच्या पियानोवर बोलणे मला अपराधच वाटतो. माझ्या कार्यक्रमात निवेदन दोन रचनांच्या मधल्या मोकळ्या जागेत येते, आणि त्यामुळे ऑटो डकचा उपयोग मी आरंभीच्या आणि शेवटच्या धूनपुरताच करतो.

ज्यांच्याकडे जुन्या एलपी आहेत त्यांना ऑडॅसिटीचा फायदा अधिक. टर्नटेबलवरून थेट ध्वनिमुद्रण करता येते आणि एखादा ठळक टिचकारा असेल तर रिपेअर हा इफेक्ट एका वेळी जास्तीत जास्त १२८ नमुन्यांचा (ध्वनीच्या अंकी मोजमापांचा), म्हणजे सीडीच्या दर्जाला सुमारे तीन सहस्रांश सेकंदांचा, तुकडा आजूबाजूच्या ध्वनीवरून सांधून देतो. हे काम एकेका टिचकाऱ्यावर करावे लागते, वेळ फार जातो, पण परिणाम उत्तम येतो. संपूर्ण बाजूवर एकदम चालणारा क्लिक रिमूव्हल मी टाळतो, कारण तो ड्रमच्या काठीचा तीक्ष्ण आघातही कधी कधी टिचकारा समजून बोथट करतो.

वेळेनुसार खुणा लिहिण्यासाठी असलेल्या लेबल ट्रॅकबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. कंट्रोल आणि बी दाबले की हव्या जागी लेबल पडते, त्यात देवनागरीत लिहिता येते, आणि शेवटी सगळी लेबले वेळेसह मजकुराच्या फाइलमध्ये काढून केंद्राला गीतयादी म्हणून देता येतात. सिंक-लॉक चालू ठेवला, तर मध्येच एखादे गाणे काढले तरी निवेदन, संगीत आणि लेबले एकत्रच सरकतात. दोन तासांच्या कार्यक्रमात ही सोय नसती तर काम हाताबाहेर गेले असते.

काही उणिवाही आहेत. दोन तासांचा एक स्टिरिओ ट्रॅक ३२ बिट फ्लोटमध्ये सुमारे अडीच गिगाबाइट जागा घेतो. निवेदन, संगीत आणि बदलांचा इतिहास धरला तर प्रकल्पाची फाइल फार मोठी होते आणि जुन्या संगणकावर ती जतन व्हायला वेळ लागतो. चालू असताना एलयूएफएस दाखवणारा मापक मला साध्या मांडणीत हवा होता, तो नाही. आणि थेट प्रसारण हे ऑडॅसिटीचे कामच नाही. ज्यांना श्रोत्यांच्या फर्माइशी घेत प्रत्यक्ष वेळी वाजवायचे आहे त्यांनी मिक्स (Mixxx) हे दुसरे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे, कारण त्यातून इंटरनेट रेडिओसाठीच्या आइसकास्ट सर्व्हरला थेट प्रवाह पाठवता येतो.

आधी ध्वनिमुद्रित केलेल्या रॉकच्या कार्यक्रमासाठी मात्र मी ऑडॅसिटीच सुचवेन. माझ्या केंद्राला कार्यक्रम एकेका तासाच्या दोन फाइलमध्ये लागतो आणि लेबलांच्या आधारे त्या एकाच वेळी वेगळ्या काढता येतात. पहिली फाइल कोठे तुटणार ते लेबल गाणी आत आणण्यापूर्वीच टाकून ठेवावे आणि ६० व्या मिनिटाच्या अलीकडे-पलीकडे लहान गाणी ठेवावीत, म्हणजे वीस मिनिटांची कोणतीही रचना त्या रेषेवर दुभंगत नाही. बाहेर काढताना केंद्रासाठी एमपीथ्री आणि स्वतःच्या संग्रहासाठी फ्लॅक अशा दोन्ही प्रती काढाव्यात, आणि मूळ प्रकल्पाची फाइल प्रसारण होईपर्यंत पुसू नये.