पेट शॉप बॉईज की इरेजर?

दोन्ही ब्रिटिश पॉप जोड्या, दोन्हीकडे एक गाणारा आणि एक सिंथवाला, म्हणजे सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवणारा. तरी कान लावला की घराणी वेगळी वाटतात.

पेट शॉप बॉईजचे नील टेनंट आणि क्रिस लो १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भेटले. टेनंट पुढे १९८२ मध्ये 'स्मॅश हिट्स' या पॉप नियतकालिकात पत्रकार झाला आणि ते त्याच्या गाण्यात उतरतं. 'वेस्ट एंड गर्ल्स'मध्ये तो कडवी जवळजवळ बोलतो, आवाज चढवत नाही. लो शेजारी टोपी घालून निश्चल उभा. १९८६ मध्ये हे गाणं ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं.

इरेजरचा व्हिन्स क्लार्क मात्र डिपेश मोड आणि याझू हे आधीचे बँड सोडून आलेला. १९८५ मध्ये त्याने संगीत साप्ताहिकात जाहिरात दिली आणि गायक अँडी बेल सापडला. 'अ लिटल रिस्पेक्ट'च्या ध्रुवपदात बेलचा आवाज अचानक वर झेपावतो. तिथे माझ्या अंगावर आजही काटा येतो. १९९१ च्या 'कोरस' अल्बमसाठी क्लार्कने डिजिटलच्या आधीचे, जुने अ‍ॅनालॉग सिंथ घेतले. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर, नाहीत; एकेका सुराच्या ओळी एकमेकींत विणलेल्या. हेडफोन लावून ऐका, प्रत्येक धागा सुटा दिसतो.

ब्रिटनमध्ये पेट शॉप बॉईजची चार गाणी अव्वल ठरली, पण अल्बम एकच, १९९३ चा 'व्हेरी'. इरेजरचं उलटं: १९८८ ते १९९४ दरम्यान सलग पाच अल्बम अव्वल, सिंगल्समध्ये (सुट्या गाण्यांच्या यादीत) फक्त १९९२ ची, 'आबा' या स्वीडिश बँडच्या गाण्यांची ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड.

शब्दांसाठी मी टेनंटकडे जाते. पण मन भरून आलं की बेलच लागतो.