मुलांच्या भुलेची सेवा : एक अनुभव
चार वर्षांच्या मुलीच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांनी आम्हाला पुरेसा वेळ दिला, ही या सेवेची सर्वांत जमेची बाजू. सेवोफ्लुरेन हे भुलेचे औषध हुंगवून दिलेली भूल उतरताना विशेषतः 2 ते 5 वर्षांची मुले रडतात, हातपाय झाडतात, प्रसंगी आईवडिलांनाही ओळखत नाहीत, आणि ही अवस्था बहुधा अर्ध्या तासात आपोआप निवळते, हे त्यांनी आधीच समजावले. ती टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या अखेरीस प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या भुलेच्या औषधाची अल्प मात्रा आणि जाग येण्यापूर्वीच वेदनाशामक देण्याचे त्यांनी ठरवले होते. मुलगी जराशी कुरकुरत उठली, एवढेच. मात्र शस्त्रक्रियेनंतर मुले जिथे शुद्धीवर येतात त्या खोलीत मला सोडण्यासाठी परिचारिकांना दोनदा आठवण करावी लागली, आणि शांततेचे आश्वासन मिळूनही तिथे गोंगाट बराच होता.