चार जीबीच्या संगणकासाठी झेडरॅम: एक परीक्षण

अंबाजोगाईतल्या आमच्या सेवा केंद्रात ४ जीबी रॅमचे जुने संगणक आहेत, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपल्यावर त्यांवर लिनक्स बसवणे भाग पडले. उत्पन्नाच्या दाखल्याचे पोर्टल, सातबारा आणि स्कॅन केलेली कागदपत्रे एकदम उघडली की रॅम भरते, हार्ड डिस्कवरच्या स्वॅपची (रॅममध्ये न मावणारा भाग ठेवायच्या जागेची) घरघर सुरू होते आणि रांगेतली माणसे काउंटरवर वाकून पाहू लागतात. त्यावर उपाय म्हणून झेडरॅम हा ड्रायव्हर वापरायला घेतला. तो २०१४ सालच्या ३.१४ आवृत्तीपासून लिनक्सच्या मुख्य कर्नलचाच, म्हणजे गाभ्याचाच, भाग असल्याने वेगळा खर्च काही नाही.

डिस्कवर जाणारी ४०९६ बाइटांची पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक तुकडे, तो दाबून (कमी जागेत बसवून) रॅममध्येच ठेवतो. मला मात्र त्याची खरी हुशारी पाने हलवण्याच्या काटकसरीत दिसली. अख्खे पान एकाच मूल्याने, समजा नुसत्या शून्यांनी, भरलेले असेल तर त्यासाठी वेगळी जागा घेतलीच जात नाही. ते मूल्य तेवढे नोंदवले जाते. उलट जेपेगसारखा आधीच दाबलेला मजकूर असला, तर पान जसेच्या तसे उतरवावे लागते आणि तिथे मेमकॉपी या नक्कल करणाऱ्या सर्वसाधारण फंक्शनऐवजी कॉपी_पेज हे खास पानांसाठीचे फंक्शन वापरलेले आहे. मेमकॉपीला कोणत्याही लांबीचा, कोणत्याही पत्त्यावरचा तुकडा सांभाळावा लागतो. कॉपी_पेजला आकार ठरलेला असतो आणि दोन्ही पत्ते पानाच्या सीमेवर असतात, त्यामुळे त्या त्या प्रोसेसरच्या जातकुळीप्रमाणे त्याची खास आवृत्ती लिहिता येते. एका पानामागे वाचणारा वेळ किरकोळच, पण रॅम भरलेली असताना ही कामे सतत चालू असतात.

खटकते ते एवढेच की पान दबत नाही, हे दाबण्याचा सगळा खटाटोप झाल्यावरच कळते. अशा पानांची संख्या एमएम_स्टॅट या फाइलमध्ये दिसते, आणि स्कॅनिंगची गर्दी असली की ती आमच्याकडे हमखास फुगते. शिवाय दाबण्याची पद्धत, म्हणजे अल्गोरिदम, आधी ठरवायचा, मग झेडरॅमचा आकार, हा क्रम पाळावाच लागतो. नंतर बदल करायचा तर स्वॅप बंद करून सगळे रीसेट करावे लागते.

अल्गोरिदमांपैकी दुबळ्या प्रोसेसरवर एलझेड४ बरा. झेडस्टँडर्ड जागा जास्त वाचवतो, पण प्रोसेसरला दमवतो. स्वॅपिनेसचे (कर्नलने पाने स्वॅपकडे किती तत्परतेने पाठवावीत हे ठरवणाऱ्या आकड्याचे) मूळचे ६० हे मूल्य संथ डिस्क डोळ्यांसमोर ठेवून आलेले आहे, कर्नल ५.८ पासून ते २०० पर्यंत नेता येते, तेव्हा झेडरॅमसोबत १०० च्या वरच ठेवावे. ज्यांच्याकडे १६ जीबी रॅम आहे, त्यांनी यात वेळ घालवू नये.