फियाटचा पेट्रोल पंप आणि खंबाटकीचा घाट : १४ महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव मी गेल्या डिसेंबरातच लिहायला घेतला होता आणि त्या वेळच्या मसुद्यात गाडीतल्या पंपाला (टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत आणणाऱ्या), पंप बनवणाऱ्याला आणि तो बसवणाऱ्याला मी जे काही म्हटले होते त्यातले निम्मे आता मागे घ्यावे लागत आहे. उरलेल्या निम्म्यावर मात्र मी ठाम आहे.

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी असली तरी आमच्या घरात तिला फियाटखेरीज दुसरे नाव कधी नव्हते. मामांनी ती वापरणे थांबवल्यानंतर ती वाईच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षे उभी होती. शेणीची पोती, मोडका पाळणा आणि उंदरांचे एक कुटुंब हे तिचे शेजारी. २०२२च्या नोव्हेंबरात ती टेंपोवर घालून पुण्याला आणली तेव्हा चारही चाकांचे ब्रेक धरलेले होते, ब्रेकचा मास्टर सिलिंडर गंजून बसला होता, वायरिंग उंदरांनी संपवले होते आणि पेट्रोलच्या टाकीतून वाटीभर तांबडी माती निघाली. इंजिन मात्र स्पार्क प्लगच्या भोकांतून तेल सोडून दोन दिवस भिजत ठेवल्यावर हाताने फिरले, आणि त्या एका गोष्टीवर मी पुढचा सगळा खर्च स्वतःला पटवून दिला. तो खर्च २०२३च्या जूनपर्यंत १,३४,००० रुपये झाला. त्यात रंगकाम नाही. रंग मामांच्या वेळचाच आहे आणि तो तसाच राहील, कारण डेंटिंग-पेंटिंगचा जो आकडा मला सांगण्यात आला त्यात चालू स्थितीतली दुसरी छोटी गाडी आली असती.

नोंदणीच्या नूतनीकरणाबद्दल दोनच वाक्ये लिहितो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचे हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते आणि पर्यावरण कर वेगळा होता. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून जी वेगळी सोय मिळते तिला आमची गाडी २०३६पर्यंत पात्र नाही, म्हणजे सरकारच्या लेखी ती फक्त जुनी आहे.

आता मुख्य विषय. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी मामींना भेटायला पुण्याहून वाईला जातो. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर आणि वाटेत खंबाटकीचा घाट. त्या काळात साताऱ्याच्या दिशेने जाताना घाट चढावा लागायचा आणि येताना बोगदा मिळायचा, हे या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको. पहिल्या तीन महिन्यांत गाडी याच घाटात तीन वेळा बंद पडली, आणि तिन्ही वेळा जवळपास एकाच जागी. मालट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत दोन वळणे झाली की इंजिन आधी अडखळायचे, ॲक्सिलरेटर दाबला की उलट जास्त गळपटायचे आणि मग निमूटपणे थांबायचे. बॉनेट उघडून अर्धा तास उभे राहिले की जणू काही झालेच नाही अशी गाडी सुरू व्हायची आणि वाईपर्यंत कुरकुर करायची नाही.

तिसऱ्या वेळी मागे थांबलेल्या एका ट्रकचालकाने काही न विचारता आपल्या बाटलीतले पाणी फडक्यावर ओतून ते पंपावर गुंडाळले आणि गाडी पाच मिनिटांत चालू झाली. ओले फडके हा फियाटवाल्यांचा जुना उपाय मी ऐकून होतो, पण एवढा खर्च करून बसल्यावर आपल्याला तो करावा लागेल असे वाटले नव्हते. पुण्यात तर पंप नीट चालत होता, मग चुकते कुठे?

कारण पुस्तकी भाषेत सोपे आहे. मेकॅनिक मंडळी ज्याला एसी पंप म्हणतात (गाडीत एसी नाही, एवढाच काय तो आहे) तो इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या) जोरावर त्यातला डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, वरखाली होतो. टाकी पार मागे, पंप पुढे, त्यामुळे गाडीच्या सगळ्या लांबीवरून पेट्रोल ओढून आणावे लागते. ओढताना पाइपातला दाब कमी होतो आणि कमी दाबाखाली पेट्रोलची वाफ लवकर होते. त्यात पंप स्वतःच तापलेला असला तर डायफ्राम पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसतो. मेकॅनिकच्या शब्दांत, पंप पेट्रोल उचलत नाही. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि थोड्या प्रमाणातल्या मिश्रणाने इंधनाची वाफ होण्याची ओढ आणखी वाढते, ही त्यात भर.

मी गाडी जिथे तयार करून घेतली त्या गॅरेजने पंप बदलला. मग दुसऱ्यांदा बदलला. मग दुसऱ्या बनावटीचा आणून तिसऱ्यांदा बदलला. माझ्या वहीत ८५०, ८५० आणि १,१०० असे तीन आकडे एकाखाली एक आहेत आणि शेजारी प्रत्येक वेळच्या मजुरीचे ३००. तिसऱ्या बिलावरून आमचा वाद झाला. त्यांचे म्हणणे, जुन्या गाडीचे असेच असते. माझे म्हणणे, मामांनी हीच गाडी सत्तावीस वर्षे याच घाटातून नेली आणि त्यांच्या डिकीत ओले फडके मी कधी पाहिले नाही.

डिसेंबरच्या मसुद्यात इथे माझा निष्कर्ष असा होता की यांत्रिक पंप हीच या गाडीतली वाईट गोष्ट आहे आणि प्रत्येकाने इलेक्ट्रिक पंप बसवावा. मी बसवलाही होता, टाकीजवळ, २,२०० रुपये देऊन. घाट न थांबता चढला आणि मी घाटाच्या अलीकडच्या खंडाळ्यापासून (लोणावळ्याजवळचे नव्हे) पलीकडच्या सुरूर फाट्यापर्यंत एकटाच हसत होतो. पुढच्या दोन महिन्यांत मात्र गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला, थंड इंजिन सुरू करताना प्लग भिजू लागले आणि बारा किलोमीटरवर असलेले ॲव्हरेज साडेआठवर आले. मी घेतलेल्या पंपाचा दाब आमच्या सोलेक्स कार्बोरेटरच्या (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग) नीडल व्हॉल्व्हला, म्हणजे पेट्रोल अडवणाऱ्या झडपेला, झेपत नव्हता, त्यामुळे फ्लोट चेंबर, म्हणजे त्यातली पेट्रोलची छोटी टाकी, कायम तुडुंब. दाब कमी करणारा रेग्युलेटर मिळतो, त्याचे आणखी बाराशे. घाट चढायचा म्हणून सपाट रस्त्यावर लिटरमागे साडेतीन किलोमीटर गमवायचे हे माझ्या हिशेबात बसले नाही आणि तो पंप मी काढून ठेवला.

उत्तर नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाले. मी चौथा पंप मागायला गेलो होतो. काउंटरवरचे वयस्कर गृहस्थ पंप काढून देईनात. "साहेब, पंपाला कशाला शिव्या देताय? मधलं पॅकिंग कसलं आहे ते बघितलंत का?"

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बेकेलाइटचा एक जाड तुकडा असतो. इंजिनाची उष्णता पंपात जाऊ नये एवढेच त्याचे काम. घरी येऊन पंप सोडवला तर त्या जागी ॲल्युमिनियमचा, लेथवर अगदी देखणा बनवलेला, आरशासारखा चकचकीत तुकडा होता. जाडी बरोबर, भोके बरोबर, त्यामुळे पंपाचा स्ट्रोकही (डायफ्राम वरखाली होण्याचे अंतर) बरोबर. मग मला आठवले. इंजिनाचे काम चालू असताना जुना तुकडा तडकलेला निघाला होता आणि गॅरेजच्या मालकाने मोठ्या अभिमानाने मला सांगितले होते, "काका, बेकेलाइट तडकतं. हा जन्मभर टिकेल." टिकेलच. जी उष्णता अडवायची तीच तो जन्मभर पंपापर्यंत पोहोचवत राहील. मी त्या वेळी मान डोलावली होती, एवढेच नव्हे तर तो तुकडा हातात घेऊन कौतुकही केले होते.

बेकेलाइटचा तुकडा ६० रुपयांना मिळाला. दोन घेतले. पुढे मार्च, एप्रिल आणि मे अशा तीनही महिन्यांत भर दुपारी घाट चढलो आणि इंजिन अडखळलेही नाही. त्यामुळे पंपाबद्दल मी जे लिहिले होते ते मागे घेतो. पहिले दोन पंप बहुधा निर्दोष होते. ते गॅरेजमध्येच राहिले आणि परत मागण्याचे मला सुचले नाही, याचे दुःख अजून आहे. मालकाला ॲल्युमिनियमचा तुकडा नेऊन दाखवला तेव्हा त्याने तो बोटांत फिरवत बराच वेळ पाहिला आणि पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये ९०० रुपये कमी केले. माझ्या वहीप्रमाणे ३,७०० व्हायला हवे होते.

जूनमध्ये गाडी एकदा पुन्हा थांबली, पण तीही सपाट रस्त्यावर आणि पावसात, त्यामुळे उष्णतेचा प्रश्नच नव्हता. पंपाकडे येणारा रबरी पाइप क्लिपपाशी भेगाळला होता. ही बाजू ओढणारी असल्यामुळे इंजिन चालू असताना भेगेतून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून खाली थेंब शोधत बसलेल्या माणसाला काहीच सापडत नाही. जुने रबर इथेनॉलला टिकत नाही, तेव्हा जुनी गाडी उभी करणाऱ्याने टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबर पहिल्याच दिवशी बदलावे. मला ते कुणी सांगितले नव्हते. खर्च २४० रुपये.

बाकीच्या गाडीबद्दल थोडक्यात. स्टिअरिंगवरचा गिअर आठवड्यात हाताला बसतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्यामुळे पाणी साचलेल्या रस्त्यातून बाहेर आल्यावर पहिले दोन ब्रेक देवाच्या भरवशावर असतात. पुढच्या दारांची त्रिकोणी काच आपल्याकडे वळवली की वारा थेट मानेवर येतो, आणि ही सोय नव्या गाड्यांतून का काढली ते मला समजलेले नाही. सुटे भाग अजून मिळतात, पण २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेल्यापासून दुकानदार "आहे तो माल" असे म्हणू लागले आहेत. कुर्ल्याचा कारखाना केव्हाच बंद झाला होता, पण टॅक्सीवाल्यांच्या मागणीवर हा बाजार चालत होता. म्हणून क्लच प्लेट, ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे किट आणि डेल्कोचे (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचे) पॉइंट मी आधीच घेऊन ठेवले आहेत, गरज नसताना, जे माझ्या स्वभावात बसत नाही.

एक दोष उरला आहे. टाकी पूर्ण भरली की वळणावर मागच्या सीटपाशी पेट्रोलचा वास येतो. भरण्याच्या नळीचा रबरी जोड बदलायला टाकी उतरवावी लागेल आणि त्याची मजुरी १,४०० सांगितली आहे. तूर्त मी अर्धीच टाकी भरतो.